डी ड्राइव्हमधले सूर्य

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानदाराने फोनवरच निकाल लावला. "फॉरमॅट मारावा लागेल, सगळं पुसून. चार वाजता घेऊन या." मशीन पाहिलं नाही, दुखणं धड ऐकून घेतलं नाही. ज्याला रोग सापडत नाही तो फॉरमॅट सांगतो, आणि वर समोरच्यालाच अडाणी ठरवतो. सुनेला हे चांगलं ठाऊक होतं. टायपिंगच्या दुकानात सकाळपाळी करता करता सात वर्षं तिने असल्या तज्ज्ञांनी बिघडवलेली मशीनं वळणावर आणली होती. तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने ते कुणाला विचारलंही नव्हतं.

घरच्या कॉम्प्युटरचं असं झालं होतं: डी ड्राइव्हवर दोनदा टिचकी मारली की एक काळी चौकट डोळा मारल्यासारखी उघडून मिटायची, आणि मग ड्राइव्ह भलत्याच खिडकीत उघडायचा. महिनाभर हे चाललं आणि कुणी मनावर घेतलं नाही. सोमवारी मात्र तो उघडला तो रिकामा.

त्या ड्राइव्हमध्ये सासऱ्यांचे सूर्य होते.

सासरे शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होते. जन्मभर परीक्षानळ्या धुतल्या, दुसऱ्यांच्या प्रयोगांची मांडामांड केली. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते रोज दहाला गच्चीवर छोटी दुर्बीण लावून सूर्याचं बिंब कागदावर पाडत आणि त्यावरचे डाग पेन्सिलीने टिपत. ढगाळ दिवस सोडले तर रोज एक कागद, रोज त्याच मापाचं वर्तुळ. मग झेरॉक्सच्या दुकानात जाऊन तो स्कॅन करून पेन ड्राइव्हवर आणायचा आणि डीमध्ये ठेवायचा. अशी अकरा वर्षं. आता एका वेधशाळेने ही सगळी नोंद मागवली होती, शनिवारपर्यंत. आणि मूळ कागद नव्हते. घर बदलताना सुनेच्या नवऱ्यानेच ते रद्दीत घातले होते, "आता कॉम्प्युटरमध्ये आहेच की सगळं," म्हणत.

म्हणून तर घरात सगळ्यात जास्त आवाज त्याचाच होता.

"परवा साफ केलंस, काल साफ केलंस, आज परत तेच," तो म्हणाला. केबल काढायला तो टेबलाखाली वाकलाच होता. "रिकामाच आहे ना? मग फॉरमॅटने जातंय काय?"

"रिकामा नाहीये. वर ये आणि बघ." तिने ड्राइव्हची माहिती उघडली. निळ्या रंगाने अर्धं वर्तुळ भरलेलं. "रिकाम्या डब्याला एवढं वजन असतं का? फायली आहेत. व्हायरसने लपवल्यात. मी रात्री तो काढते, आणि दुपारी येऊन बघते तर हा परत बसलेला. कुठून येतो तेवढं कळलं की झालं. मग तुझ्या दुकानदाराला माझा नमस्कार सांग."

"आणि नाही कळलं तर?"

"तर चारला ने. अडीच वाजलेत. आता गप्प बस."

सासरे दारात येऊन उभे होते. गळ्यात दोरीला अडकवलेला पेन ड्राइव्ह, हातात आजचा कागद. या घरात त्यांची कुणी तक्रार ऐकली नव्हती. सोमवारपासून ते जेवत होते, झोपत होते आणि कॉम्प्युटरच्या खोलीवरून जाताना मान खाली घालत होते.

"सूनबाई, तुझं चालू दे. आजचा ठेवायचा राहिलाय. जरा जागा देतेस?"

तिचं बोट माऊसवरच थांबलं. "बाबा, कालचा कुठे ठेवलात?"

"डीमध्ये."

"पण डीमध्ये काहीच दिसत नाही ना?"

"दिसत नाही म्हणून ठेवायचा नाही की काय?"

"आणि परवाचा?"

"तोही ठेवला. पेन ड्राइव्ह लावला, दोनदा टिचकी मारली. परवा कॉम्प्युटरने विचारलं, कुठल्या प्रोग्रामने उघडू? आता एवढं विचारतोय तर काहीतरी सांगायला नको? मी कॅल्क्युलेटर म्हटलं."

नवऱ्याने कपाळाला हात लावला. सुनेला हसू आलं आणि त्याच क्षणी सगळं लख्ख दिसलं. आजारी होतं ते झेरॉक्सच्या दुकानातलं मशीन. तिथला रोग हा माणूस गळ्यात घालून रोज घरी आणत होता आणि तिने धुतलेल्या मशीनला रोज एक टिचकी मारत होता, न चुकता. एखादा आळशी माणूस असता तर कॉम्प्युटर मंगळवारीच बरा झाला असता.

"द्या इकडे. आणि मी सांगेपर्यंत दोघांनीही कशाला हात लावायचा नाही."

पेन ड्राइव्हवर तिने टिचकी मारली नाही. हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत त्या ड्राइव्हचं अक्षर टाइप केलं आणि लपलेलं सगळं दाखव म्हणून सांगितलं. चार ओळींची एक टीचभर फाइल निघाली. तिचं काम एकच: कुणी ड्राइव्हचं दार वाजवलं की आधी व्हायरसला उठवायचं. तसलीच एक सी ड्राइव्हमध्ये, एक डीमध्ये. तिने आधी चालू असलेला व्हायरस बंद पाडला, मग तिन्ही ठिकाणची घाण खरवडून काढली, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. डीवर दोनदा टिचकी मारली. काळी चौकट आली नाही. ड्राइव्ह निमूटपणे त्याच खिडकीत उघडला, अजून रिकामाच.

साडेतीन झाले होते. लपवालपवी उठवायची एक ओळ तिने लिहिली आणि दाबली.

आधी काहीच झालं नाही. मग पहिलं फोल्डर आलं, त्याखाली दुसरं, आणि एकामागून एक अकरा वर्षं पडद्यावर येऊन उभी राहिली. नवऱ्याच्या खिशात फोन वाजला. त्याने दुकानदाराचं नाव पाहिलं आणि तो बंद करून टाकला.

तिने पहिला सूर्य उघडला. इतक्या वर्षांत तिने एकही पाहिला नव्हता. म्हाताऱ्याचा नाद, एवढंच घरात सगळे म्हणत, आणि तीही त्या सगळ्यांतच होती. फिकट वर्तुळ, काठाशी दोन ठिपके. सगळे शाबूत आहेत का बघावं म्हणून तिने बाणाची कळ दाबून धरली.

ठिपके चालायला लागले.

काठावरून आत आले, मध्यापाशी फुगले, पलीकडच्या काठावर चपटे होऊन बुडाले. मागून दुसरे उगवले. गोळा फिरत होता. पेन्सिलीचा, झेरॉक्सच्या दुकानातून आलेला तो कागदी सूर्य तिच्या बोटाखाली जिवंत होऊन गरगरत होता. वर्षं सरकली तसे डाग वाढले, झुंडीने आले, वरून आणि खालून हळूहळू पोटाकडे सरकले, विरळ झाले. मग कितीतरी वर्तुळं अगदी कोरी. कुठल्या विद्यापीठाने नाही, कुठल्या साहेबाने नाही, परीक्षानळ्या धुणाऱ्या माणसाने हे एकट्याने, रोज दहाला, कुणी बघत नसताना केलं होतं.

"हा फिरतो हे तुम्हाला माहीत होतं, बाबा?"

"हिशेबाने माहीत होतं." सासरे भिंतीला हात टेकून उभे होते. "असा कधी पाहिला नव्हता. मी रोज एकच बघायचो ना."

मध्येच ठिपक्यांनी मोठी उडी घेतली.

"इथले भर उन्हाळ्यातले वीस दिवस कुठे गेले?" नवऱ्याने तारखा बघून विचारलं.

"तुझं लग्न ठरलं होतं. रोज सकाळी तू मला खरेदीला ओढत होतास."

खाली टेबलाखाली अर्धी सैल केलेली केबल नवऱ्याने पुन्हा घट्ट बसवली आणि तिथेच जमिनीवर, पडद्याकडे तोंड करून बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "बाबा, ते कागद मी..."

"खुर्ची घे," सासरे म्हणाले. "खालून कडा नीट दिसत नाही. सूनबाई, परत पहिल्यापासून लाव. जरा सावकाश."

तिने पहिला सूर्य उघडला आणि कळ त्यांच्या बोटाखाली दिली.