छातीएवढ्या पाण्यात

बेटावर सुट्टी घालवायची कल्पना बाईंची. नवऱ्याचं उभं आयुष्य लिफ्टदुरुस्तीत गेलेलं. उंच इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या बोगद्यांत, ग्रीसने माखलेल्या तारांच्या दोरांशी झटापट करण्यात. निवृत्त झाल्यावर त्याला घरी नुसतं लोळायचं होतं. बाई शाळेत शिवण शिकवायच्या. पन्नाशी उलटल्यावर त्या पोहायला शिकल्या होत्या आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! तलावाच्या तळाच्या त्याच त्या निळ्या फरश्या बघून त्यांना कंटाळा आला होता. एकदा तरी खाली मासे दिसणाऱ्या पाण्यात पोहायचं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

नवऱ्याला पोहणं जेमतेम यायचं. उंचीची भीती नावालाही नाही, पण पाण्याचा विश्वास वाटायचा नाही.

"लिफ्ट खाली गेली तर वर यायचं बटण असतं," तो म्हणाला होता. "इथे काय आहे?"

"मी आहे ना," बाई म्हणाल्या होत्या.

खोली किनाऱ्यापासून पाच मिनिटांवर, एका दुकानाच्या वर होती. दोन खाटा, एक पंखा, ओले कपडे टाकायला खिडकीत बांधलेली दोरी. होडीतून माणसांना लांब नेऊन पाण्यात सोडणारे बरेच होते, पण बाईंना होडी लागायची. नवऱ्याचं म्हणणं वेगळंच. "होडीत वीस माणसं. मी गटांगळ्या खातोय हे वीस जणांनी का बघायचं?" तेव्हा आपलं आपण, किनाऱ्यावरूनच उतरायचं ठरलं.

घरमालकिणीने सगळं नीट समजावलं. भरती पूर्ण भरली की डावीकडच्या वाळूच्या पट्ट्यातून आत जायचं. पाणी उतरायला लागलं की बाहेर यायचं, नाहीतर प्रवाळावर अंग सोलवटून निघतं. आणि एकट्याने कधी उतरायचं नाही. बाईंनी हे सगळं वहीत लिहून घेतलं. भरतीच्या वेळाही लिहिल्या.

पहिले तीन दिवस छान गेले. नवरा तरंगायचं जाकीट घालायचा, पाण्यातल्या चष्म्याच्या काचेत थुंकून ती चोळायचा, कारण तसं केलं की काचेवर वाफ धरत नाही. श्वासाची नळी तोंडात धरून, पायांत लांब रबरी पंख चढवून उलटा उलटा चालत पाण्यात शिरायचा. दुसऱ्या दिवशी पिवळ्या माशांचा थवा त्याच्या नाकासमोरून गेला तेव्हा तो नळीतूनच हसला आणि खारट पाणी घशात जाऊन खोकत सुटला. बाईंनी त्याला इतकं पोरासारखं झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी तो खाटेच्या कडेवर बसून राहिला.

"आज नको गं. छाती जड वाटतेय."

"काल एवढं तळलेलं खाल्लंत. दुसरं काय होणार?"

"असेल तसं. पण आज तू जा, मी वाळूवर बसतो."

"एकट्याने उतरू नका म्हणून सांगितलंय मालकिणीने. उद्या निघायचंय आपल्याला." बाईंनी वही दाखवली. "आजची भरती गेली की गेली. जन्मात एक गोष्ट मागितली मी तुमच्याकडे. एवढंही नाही का होत?"

तो उठला, जाकीट घेतलं. जिना उतरताना मध्येच थांबला, कठड्याला धरून दोन श्वास घेतले. बाई खाली पोचल्या होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

समुद्र अगदी शांत होता. लाट म्हणावी अशी लाट नाही. दोघं हात धरून वाळूच्या पट्ट्यावरून आत तरंगत गेले. खाली प्रवाळाचे खडक, त्यांच्या फटींतून आत-बाहेर करणारे मासे. आणि मग बाईंना कासव दिसलं. परातीएवढं, संथपणे पंख हलवत चाललेलं. त्यांनी नवऱ्याचा हात हलवून तिकडे बोट दाखवलं. त्याने मान हलवली. बाईंनी हात सोडला आणि कासवामागे गेल्या.

किती वेळ गेल्या ते त्यांना पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. पाच मिनिटं. सात असतील.

परत वळल्या तेव्हा नवरा होता तिथेच होता. चेहरा पाण्यात, नळी वर, हात दोन्ही बाजूंना पसरलेले. शेवटी एकदाचं अंग सैल सोडलं म्हणायचं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांना बरं वाटलं. त्या शेजारी आल्या, त्याच्या खांद्यावर थोपटलं, कासव गेलं त्या दिशेला हात केला. त्याने पाहिलं नाही. म्हणून त्यांनी मान वळवून त्याच्या काचेत पाहिलं.

डोळे उघडे होते. काचेच्या आत निम्म्यापर्यंत पाणी होतं आणि ते डोळ्यांवर हलत होतं.

बाईंनी त्याला उताणं केलं, पाय खाली सोडले. पाय वाळूला लागले. पाणी त्यांच्या छातीएवढं होतं. तो त्यांच्याहून वीतभर उंच होता. नुसता उभा राहिला असता तरी डोकं बाहेर आलं असतं.

त्या ओरडल्या. किनाऱ्यावर पुस्तक वाचत बसलेला एक माणूस कपड्यांसकट धावत आत आला. दोघांनी मिळून त्याला ओढत वाळूवर आणलं. त्या माणसाने छाती दाबली, दाबतच राहिला, घामाने निथळला. दवाखान्यातली नर्स सायकलवरून आली, तिने त्याला बाजूला करून स्वतः दाबलं. मग तीही थांबली आणि गुडघ्यांवर तशीच बसून राहिली.

दवाखान्याचा डॉक्टर तरुण होता, शब्द जपून वापरत होता. "पाणी फारसं गेलेलं दिसत नाही. हृदय थांबलं असावं. अशक्त हृदयाला नळीतून श्वास घ्यायचा ताण पुष्कळ होतो. आधी काही त्रास? छातीत दुखणं, दम लागणं?"

"नाही," बाई म्हणाल्या.

शब्द तोंडातून गेला तो गेलाच. डॉक्टरने तो कागदावर लिहिला.

मग मुलीला फोन. बराच वेळ तिकडून नुसतं रडणं. शेवटी तिने विचारलं, "पण बाबा पाण्यात उतरलेच कसे? कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"त्यांच्याच," बाई म्हणाल्या. "मी नको म्हणत होते."

दुसऱ्या दिवशी मुलगी आणि जावई आले. कागद, सह्या, शिक्के सगळं जावयाने निस्तरलं. घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली आणि प्रत्येकाला मुलगी तेच सांगू लागली. आई नको म्हणत होती, बाबांनी ऐकलं नाही. दर वेळी त्या गोष्टीला एक नवा फाटा फुटायचा. चौथ्या दिवसापर्यंत त्या गोष्टीत आई बाबांच्या पाया पडली होती. बाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकायच्या. लोकांना वाटायचं, धक्क्याने वाचा बसली आहे.

दहाव्या दिवशी नवऱ्याचा कामावरचा जुना जोडीदार आला. वीस वर्षं दोघं एकाच बोगद्यात लोंबकळलेले.

"तो आणि हट्ट?" त्याने मान हलवली. "वहिनी, अहो, तीनदा दोर तपासल्याशिवाय तो पाऊल टाकायचा नाही. मीच त्याला भित्रा म्हणायचो."

"म्हातारपणी बुद्धी फिरते, काका," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "स्वतः गेले आणि आईला जन्माचा घोर लावून गेले. मी नाही त्यांना माफ करणार."

"पुरे," बाई म्हणाल्या.

दोघंही वळले.

"ते नको म्हणाले होते. छाती जड वाटतेय म्हणाले. मीच टोचून बोलले आणि नेलं. जिन्यात दम लागला तेही पाहिलं होतं मी."

जोडीदाराने चहाचा कप खाली ठेवला.

"तुला सांगितलं होतं त्यांनी?" मुलीने हळू आवाजात विचारलं. "छाती जड वाटतेय, असं?"

"हो."

"आणि डॉक्टरने विचारलं तेव्हा?"

"मी नाही म्हणून सांगितलं."

"आणि मला?"

मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली. तिने तीन कप विसळायला घेतले. नळ खूप वेळ चालू राहिला. मग तिने पर्स उचलली आणि जावयाची वाट न पाहता निघून गेली.

पुढचे चार महिने तिचा फोन नाही. जावई मधूनमधून फोनवर चौकशी करायचा, खालच्या आवाजात, शेजारच्या खोलीत कुणी ऐकू नये अशा बेताने. बाई शाळेत जात राहिल्या. पोहायला गेल्या नाहीत.

पावसाळा संपता संपता मुलगी एका रविवारी आली. मग दर रविवारी येऊ लागली. आठवड्याच्या गोळ्या डबीत भरायची, विजेचं बिल बघायची, फ्रिज उघडून शिळं टाकून द्यायची. कामाचं तेवढं बोलायची. भेटायला येणाऱ्यांना आता ती काहीच सांगत नसे.

असंच एकदा जाताना ती दारात थांबली. चपलेचा पट्टा लावत खालीच बघत म्हणाली, "मला तुझा राग येतो, आई. अजून येतो. जाईल की नाही, माहीत नाही."

"हं."

"पण बाबांचा आता येत नाही."

"मग झालं तर," बाई म्हणाल्या. मुलगी जिना उतरून गेली. खालचा दरवाजा लागल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी कडी घातली आणि दिवा लावला.