निरोपाची साखर

"फळ्यावर नाव लिहिलं म्हणजे निरोप पोचला, असं कधी समजू नकोस," असं चित्रकलेचे भापकर सर राजेश्वरीला बजावायचे. ती तेव्हा नववीत होती. हायस्कूलच्या फाटकाशी असलेला काळा फळा रोज सकाळी लिहायचा मान तिच्याकडे होता, आणि जिचं अक्षर अख्खं गाव सायकलवरून उतरून वाचतं, त्या पोरीला असला इशारा कानाआड करायला कितीसा वेळ लागतो? तिनं मान डोलवली आणि खडू साखरेच्या पाण्यात बुडवला. साखरेच्या पाण्यातला खडू वाळला की अक्षर उठून दिसतं, हेही सरांनीच शिकवलं होतं. ते मात्र तिनं मनापासून घेतलं.

शाळेचा तेव्हा एक रिवाज होता. फळ्यावर ज्याचं नाव लागेल, त्याच्या घरी फळा लिहिणाऱ्यानं स्वतः जाऊन सांगायचं. मग कुणाला स्कॉलरशिप मिळालेली असो, नाहीतर कुणी तालुक्यात लांब उडी मारलेली असो. घरातली बाई पदराला हात पुसत बाहेर यायची, ऐकायची आणि हातावर चिमूटभर साखर ठेवायची. थंडीत साखरेच्या जोडीला बोरं, नाहीतर हुरडा. राजेश्वरी आणि तिची मैत्रीण मोनिका शाळा सुटल्यावर वस्त्या-वस्त्यांनी हिंडत, आणि घरी पोचेस्तोवर दोघींचे तळवे चिकट झालेले असत. गावात तिला नावच पडलं होतं, फळ्यावाली पोर.

एकदाच तिनं कंटाळा केला. मोनिका उंच उडीत जिल्ह्यात पहिली आली, आणि निरोप मोनिकाच्याच घरी द्यायचा होता. मोनिका अजून नगरलाच होती. माळावरच्या वस्तीकडं एकटीनं जायचं, वाटेत कुत्री. राजेश्वरीनं बांधावरूनच मोनिकाच्या आईला हाक दिली, "झुंबरमावशी, मोनिका पहिली आलीऽ," आणि मागं वळली. निरोप तर दिला की, असं तिला वाटलं होतं.

आता ती तिशीला टेकली होती. मराठीत बी.ए. झालेली, चार वर्षांच्या शिवन्याची आई. माहेर वेशीच्या अलीकडं, सासर पलीकडं. वरातीत बँडवाल्यांचं पहिलं गाणं संपायच्या आत सासर आलं, असं गाव अजून हसतं. मुख्याध्यापकांनी 'विद्यालय परिवार' नावाच्या ग्रुपवर दर शनिवारी शाळेची खबर लिहायचं काम तिला दिलं होतं. ती बसल्या जागी लिहायची. एक कान शिवन्याच्या खोकल्याकडं, एक डोळा गॅसवरच्या दुधाकडं. या शनिवारची खबर अशी होती: एलिमेंटरी चित्रकला परीक्षेत मुलांनी मिळवलेल्या श्रेणी, पुढच्या आठवड्यातलं विज्ञान प्रदर्शन, स्नेहसंमेलनाच्या तालमी, आणि सगळ्यात वर, नववीतल्या निकिताची जिल्ह्याच्या खो-खो संघात निवड. सोमवारपासून नगरला सराव शिबिर, तिथून थेट राज्य स्पर्धा.

ग्रुपवर नुसता पाऊस पडला. हार, फुलं, जोडलेले हात. सरपंचांनी अभिनंदन केलं, पुण्यात राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी केलं, कुणीतरी निकिताचा फोटो सोनेरी चौकटीत घालून टाकला. सोमवारी दुपारी राजेश्वरी तो फोटो पुन्हा बघत बसली. तो पावसाळ्यातल्या वृक्षारोपणाचा होता. ताजा कसा कुणाकडं नाही?

"आई, निकीदीदी कधी येनार?" शिवन्यानं विचारलं.

तेव्हा राजेश्वरीच्या लक्षात आलं. निकिता रोज याच रस्त्यानं शाळेला जायची. दारात थांबून शिवन्याची शेंडी ओढायची, "चला शिवन्याबाई, घंटा झाली." आठवडा झाला असेल, ती शेंडी कुणी ओढली नव्हती. बारक्या बारक्या गोष्टींची काळजी करणाऱ्या राजेश्वरीला, शिवन्याला द्राक्षसुद्धा चार फोडी करून देणाऱ्या राजेश्वरीला, हे दिसलं कसं नाही?

तिनं खेळाच्या खेतमाळीस सरांना फोन लावला. मागं तालमीतला ढोल वाजत होता.

"सर, निकिताला कळलंय ना?"

"अहो मॅडम, तुम्हीच तर ग्रुपवर टाकलंय."

"ती ग्रुपवर कुठंय? शाळेत येतीय का ती?"

"चार-आठ दिवस दिसली नाही खरी. असेल काही घरी. पण गावभर झालंय हो, आता कुणी सांगायचं राहिलंय का?"

नवरा आदिनाथ भाकरी मोडता मोडता म्हणाला, "एवढ्या लोकांनी अंगठं दाखवल्यात. त्यातल्या एकानं तरी सांगितलं असंल की."

"तुम्ही सांगितलंत?"

"मी कशाला? मला वाटलं, तू सांगितलं असशील."

तिनं शिवन्याला कानटोपी घातली, स्कूटीवर पुढं उभी केली आणि माळाच्या रस्त्याला लागली.

रस्ता आता डांबरी झाला होता. बांध तोच होता. त्या बांधाशी तिनं जरा वेग कमी केला, पण थांबली नाही. थेट पत्र्याच्या घरासमोर गाडी लावली. निकिताचे वडील बजरंग म्हणजे मोनिकाचा थोरला भाऊ. तो आणि त्याची बायको दिवाळी उरकून काष्टीकडं ऊसतोडीला गेले होते. घरी आजी झुंबरबाई आणि नात. हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

निकिता चुलीपुढं होती, हाताला पीठ. आत खाटेवर झुंबरबाई पडलेली, एक पाय उशीवर, गुडघ्यापासून खाली प्लास्टर.

"अगं बाई, काय झालं मावशी?"

"शेळीच्या मागं गेले आन् घसारले. डाक्टर म्हनला, उठायचं न्हाई. मग ही बया बसलीया माझ्या उशाला. साळंला जा म्हनलं तर ऐकत न्हाई."

"बजरंगदादांना कळवलं का?"

"न्हाई. कळवलं तर कोयता टाकून पळत येतोय त्यो. काय करायचंय हिकडं यिऊन, माझा पाय चाटायचाय?"

"आजी," निकिता म्हणाली.

"गप. भाकर करपंल तुझी."

राजेश्वरीनं सांगितलं. जिल्ह्याच्या संघात निवड, आजपासूनच शिबिर, मग राज्य स्पर्धा. निकितानं भाकरी उलटली. मग ती तव्याकडंच बघत बसली, आणि भाकरीला काळा डाग पडला तरी तिनं ती काढली नाही.

"कधी कळलं, ताई?"

"शनिवारी सकाळी." परवाची गोष्ट. दोनशे माणसांनी जिचं अभिनंदन केलं, तिला दोन दिवस पत्ताच नव्हता.

"मग कोमलला घ्या म्हनावं सरांना. ती राखीव हाय ना? पळती चांगली."

"तुला जायचं नाही?"

निकितानं तोंड फिरवलं. "आजीला पानी कोन दील?"

"मला काय धाड भरलीया?" झुंबरबाई गरजली. "तू जा. म्या सरकत सरकत जाईन माठापतुर."

"काल सरकत गेल्तीस, मग कन्हत कोन हुतं?"

राजेश्वरीनं दोघींना आपल्या घरी चला म्हणून पाहिलं. झुंबरबाईनं एका शब्दात मोडीत काढलं. शेळी हाय, कोंबड्या हायेत, घराला कुलूप लावायचं न्हाई. मग जराशानं तिनं राजेश्वरीला जवळ बोलावलं, निरखून पाहिलं.

"तू ती फळ्यावाली न्हवं?"

"होय, मावशी."

"मोनीचा निरोप बांधावरनं वरडून गेल्तीस. म्या साखर घिऊन आले तवर तू पार वड्यापल्याड. मूठ तशीच झाकून हुबी राहिले म्या. मुंग्या लागल्या, पर म्या हलले न्हाई, म्हनलं पोर माघारी यील."

ती हसत सांगत होती, जुनी गंमत सांगावी तसं. राजेश्वरीला हसू आलं नाही. तिला फळा आठवला, मोनिकाचं लांबलचक पाऊल, दोघींचे चिकट तळवे, आणि पंचांगासारखी न चुकणारी भापकर सरांची ती ताकीद. सर आता नव्हते. मोनिका घोडेगावला सासरी होती, वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. वाढदिवसाला मात्र न चुकता केकचं चित्र पाठवायच्या दोघी.

"निके, डबा आन," झुंबरबाई म्हणाली. तिनं पडल्या पडल्या राजेश्वरीच्या तळव्यावर साखर ठेवली, शिवन्याच्याही. एरवी राजेश्वरीनं दात, जंत, हात धुतले का, सगळं काढलं असतं. आज ती उभ्याउभ्या साखर खाऊन मोकळी झाली.

"मावशी, रात्री मी येते झोपायला. शिऊला घेऊन. निकिता येईपर्यंत."

"इथं विंचू निघत्यात," झुंबरबाई म्हणाली. परीक्षाच घेत होती जणू.

राजेश्वरीनं खाटेखाली, कोपऱ्यात नजर फिरवली. तिनं शिवन्याचा हात घट्ट धरला. "मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचून झोपू," ती म्हणाली. "निकिता, तू बॅग भर."

निकितानं आजीकडं पाहिलं. आजीनं भिंतीकडं तोंड केलं, म्हणजे जा.

रात्रीचा प्रश्न सुटला, दिवसाचा राहिला. शिबिर आजच सुरू झालेलं. खेतमाळीस सरांनी फोनाफोनी करून निकितासाठी एका दिवसाची सवलत मिळवली. दिवसा राजेश्वरीला शिवन्याची बालवाडी, स्वयंपाक, सासऱ्यांचं पथ्यपाणी. तिनं ग्रुपवर लिहिलं, झुंबरबाईंकडं कुणीतरी दुपारी जावं. लगेच अंगठे आले, जोडलेले हात आले, 'नक्कीच ताई' आलं. मंगळवारी सकाळी तिनं निकिताला एसटीत बसवलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली, पुन्हा बोलावून नॅपकिन दिला. दुपारी काम उरकून ती माळावर गेली. निकितानं सकाळी भरलेलं माठातलं पाणी तेवढंच होतं. कुणी आलं नव्हतं. जो तो समजला होता, दुसरा कुणीतरी जाऊन आला असेल.

बुधवारी ती घंटेच्या आधी शाळेच्या फाटकाशी गेली. जुना फळा होता जागेवरच, पण त्याच्यावर स्नेहसंमेलनाचा फ्लेक्स ताणून बांधला होता. तिनं दोरीच्या गाठीला हात घातला.

"मॅडम, हे काय करताय?" खेतमाळीस सर धावत आले. "पाहुण्यांचे फोटो हायेत त्याच्यावर."

"पाहुण्यांना भिंतीवर हलवा सर. मला फळा लागणार आहे."

सर घुटमळले. मग स्वतःच दोरी सोडायला लागले. आतून फळा निघाला, धुळीनं पांढुरका. राजेश्वरीनं ओल्या फडक्यानं तो पुसला. घरून आणलेल्या वाटीत साखरेचं पाणी होतं, त्यात खडू भिजत होते. पहिलं अक्षर वाकडं आलं, दुसऱ्याला हात बसला. मागं चपला थांबल्या. दूध घालून परतणारी एक मोटारसायकल थांबली. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन गोजरबाई थांबली आणि म्हणाली, "मला वाचता येत न्हाई, मोठ्यानं वाच की गं फळ्यावाली."

मग तिनं लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं.

*आपल्या शाळेची निकिता जिल्ह्याच्या खो-खो संघात निवडली गेली. ती काल नगरला गेली. शिबिर संपलं की तिथूनच राज्य स्पर्धा.*

*विज्ञान प्रदर्शन शुक्रवारी. पालकांनी यावं.*

*निकिताची आजी झुंबरबाई माळावर दिवसा घरी एकटी आहे. पाय प्लास्टरमध्ये आहे. दुसरं कुणी गेलं असेल असं धरून चालू नका, कुणी गेलेलं नाही. हे वाचणाऱ्यानं जाता-येता दारात उभं राहून हाक मारा. बांधावरून नको. माठात पाणी आहे का बघा. आणि ओ आली नाही, तर आत जा.*