काशीरामच्या वरचं

ए सायमा, बस ना गं, आणि हसायचं नाही हं, बाबांच्या पायाचं सांगतेय.

आमचे बाबा आणि समोरचे काशीरामकाका चुलतभाऊ, तुला माहितीये ना? काकांनी बोलेरो घेतली की आमच्या दारात स्कॉर्पिओ. त्यांच्या हळदीला बँजो, तर आमच्या हळदीला डीजे. गेल्या वर्षी काकांच्या पायातल्या रक्ताच्या नळ्या तुंबल्या, बलून घालून उघडल्या. आणि यंदा बाबांच्या! शुगर, वर बंडलंच्या बंडलं विड्या. अंगठ्याशेजारचं बोट निळं पडलं, जखम भरेना, आडवं झालं की कळा.

डॉक्टर म्हणाले, "गुडघ्याखाली रक्तच पोचत नाहीये. मांडीतून तार घालू, बलून फुगवू, रस्ता मोकळा. पण लवकर, नाहीतर पाय जाईल."

कुठलाही माणूस म्हणेल, करा. आमचे बाबा विचारतात, "काशीरामला केला तोच?"

"हो, तोच."

"मंग नाय. त्याच्या वरचा काय हाय?"

अगं, गाडीचं टॉप मॉडेल विचारल्यासारखं! आईने कपाळाला हात लावला. डॉक्टर बिचारे समजावत बसले. आतला कडक थर खरवडणारं बारीक ड्रिल असतं, लेझर असतं, औषध लावलेला बलून असतो. धातूची जाळीही असते, पण इतक्या बारीक नळीत ती शक्यतो नको. बाकीच्यांतलं साध्या बलूनपेक्षा हमखास सरस असं काही ठरलेलं नाही. "तुम्हाला बलून पुरेल. उशीर मात्र नको."

बाबांनी एवढंच ऐकलं, ड्रिल.

मग काय, वाशी, ठाणे, दादर! मी गाडी चालवतेय, मागे बाबा पाय धरून विव्हळतायत, आणि तरी म्हणतायत, "ड्रिलवाला कुठं बसतो, तिकडं ने." सगळे डॉक्टर तेच सांगायचे. शेवटी आई कडाडली, "काशीभावजी चालतात तरी! तुमाला काय मी उचलून नेऊ?"

तोवर बोट काळं झालं होतं. त्या दिवशी गाडीत बाबा एकदम हळू आवाजात म्हणाले, "दिपे, पाय राहील ना गं?" सायमा, मी सरळ पहिल्या डॉक्टरकडे गाडी वळवली.

केला. बलूनच. पाय वाचला गं! बोट मात्र कापावं लागलं.

घरी आणल्यावर काका शहाळी घेऊन आले. बाबांचं बँडेज बघून म्हणाले, "शेवटी बलूनच ना रं, कमळाकर?"

बाबांनी पाय उचलून स्टुलावर ठेवला, नीट दिसेल असा. "बलून तर केलाच. वर बोट पन काढलं. तुझं काय, नुसत्या बलूनावर भागलं."

काकांनी शहाळी ठेवली आणि निघून गेले.

आणि आज सकाळी काकू सांगत आल्या, काकांनी म्हणे डॉक्टरांना फोन लावला होता. माझ्या पायात काय करायचं राहिलं तर नाय ना, विचारत होते.