जावईबापूंचं हवामान

डेरेक आम्हा सगळ्यांचा जावई. त्याची बायको मृणालिनी मिरजेची, आणि अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमधले आम्ही सगळे निवृत्त मराठी लोक स्वतःला तिचं माहेर समजतो; नागपूरकरसुद्धा. त्यामुळे ऐंशीच्या घरातला, उंचापुरा, लालबुंद नाकाचा हा इंग्रज म्हातारा आमच्या पंगतीत जावईबापू म्हणून बसतो आणि पुढे येईल त्याला 'नॉट बॅड' म्हणतो. चिरोटे नॉट बॅड. माझ्या नवऱ्याची, नरेंद्रची, बायपास नॉट बॅड. अमेरिका, इतकी वर्षं राहून, नॉट बॅड.

मी आयुष्यभर विमा कंपनीत माणसांचे अंदाज बांधले. कोण संसारात किती घालतो आणि किती काढून घेतो, हे मला दुरून दिसतं. या दोघांचा ताळा मात्र कुंपणाला कुंपण लागून असूनही मला कधी जमला नाही. मृणाल तरुणपणी नर्स म्हणून इंग्लंडला गेली, पूर्व किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार गावात. डेरेक तिथल्या बंदराच्या कचेरीत होता. निवृत्त झाल्यावर दोघं मुलीच्या मागोमाग इथे आले. मुलगी, अनिका, पुढे नोकरीसाठी अ‍ॅशबर्नला गेली. हे इथेच राहिले. "एकदा पेट्या उघडल्या की उघडल्या," डेरेक म्हणाला. विषय संपला.

त्याचा दिवस मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत आले आहे. सकाळी किटली. मग भुरभुर पावसात छत्रीशिवाय फेरी. मग धुतलेले रुमाल कुंपणावर वाळत. कपडे बाहेर वाळवू नका, अशी कॉलनीच्या असोसिएशनची नोटीस येते. तो ती चष्मा लावून आदरानं वाचतो आणि दुसऱ्या दिवशी रुमाल नीट इस्त्रीच्या घडीवर वाळत घालतो. आमच्या मसाला चहाला तो सूप म्हणतो आणि दुसरा कप मागतो.

आणि संध्याकाळी, तिकडे इंग्लंडात मध्यरात्र उलटली की, त्याचा रेडिओ. म्हणजे फोनवरचं ॲप; पण फोन तो एका जुन्या लाकडी रेडिओच्या पोटात ठेवायचा. उन्हाळ्यात त्यांची खिडकी उघडी असे. आमच्या हिरवळीवर काजवे वरखाली होत असायचे आणि त्यातून एक संथ आवाज तरंगत यायचा. वायकिंग. फॉर्टीज. क्रोमार्टी. फोर्थ. टाइन. डॉगर. प्रत्येक नावानंतर दोन-चार शब्द, मग पुढचं नाव. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हे लोक सहस्रनाम लावून बसतात.

"अगं, समुद्राचं हवामान आहे ते," मृणाल म्हणाली. "समुद्राचे तुकडे पाडून त्यांना नावं दिलीत. कुठे वारा किती, लांबचं दिसतं की नाही, एवढंच. याचे वडील डॉगरला मासे धरायला जायचे ना. घरात नियम होता, डॉगरचं ऐकल्याशिवाय कुणी झोपायचं नाही."

"मग काय, बुडाले की काय वडील?"

"बुडतात कशाला! ब्याऐंशीचे होऊन अंथरुणात गेले. वर नर्सला, म्हणजे मला, उशी नीट लाव म्हणून ओरडत गेले."

तोवर हे सगळं गमतीचं होतं. नंतर डेरेकच्या आठवणीला हळूहळू धुकं चढायला लागलं. मंगळवार-बुधवार एक झाले, मग नरेंद्र आणि पोस्टमन एक झाले. तरी रेडिओ संपला की तो दिवा मालवून शहाण्यासारखा झोपायला जायचा. आणि मागच्या उन्हाळ्यात त्या ॲपनं परदेशातल्या लोकांना ऐकवणंच बंद केलं.

मग संध्याकाळ झाली की तो येरझाऱ्या घालायला लागला. एकदा सपाता घालून घराबाहेर पडला आणि कॉलनीमागच्या जुन्या गिरणीच्या तळ्यापर्यंत गेला. धावायला निघालेल्या एका मुलीनं त्याला घरी आणलं. अनिका अ‍ॅशबर्नहून आली. तिनं फोटो आणले होते, एका छान इमारतीचे, जिथं अशा माणसांना सांभाळतात आणि बाहेरचं दार त्यांना आतून उघडता येत नाही.

"मम, असं वन्स मोअर झालं की मग नो डिस्कशन," ती म्हणाली. "नोव्हेंबरात तो असा बाहेर गेला तर गोठून जाईल."

पोरगी चुकीचं बोलत नव्हती. तिच्या जागी मी असते तर मीही तोच आकडा काढला असता. पण मृणालनं ते फोटो उलटे करून फडताळात ठेवले आणि त्या रात्रीपासून स्वतः दारापाशी खुर्ची टाकून बसायला लागली.

दिवाळीत आम्ही दरवर्षी डेरेकचा दिवाळसण करतो. खरं तर तो लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला असतो. पण याच्या सासुरवाडीनं तेव्हा लग्नच मान्य केलं नव्हतं, म्हणून आम्ही ती बाकी अजून फेडतोय. यंदाही पाटाभोवती रांगोळी काढली, ओवाळलं. नरेंद्रनं नेहमीचा विनोद केला. "बोला जावईबापू, काय हवं? रुसू नका, मागा!"

डेरेक दरवर्षी 'नो नो' म्हणतो. यंदा त्यानं ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हवामान," तो मराठीत म्हणाला.

सगळे हसले. तो हसला नाही. लाडूला हात लावला नाही. जावई खरोखरच रुसला.

"आता द्या!" मृणाल डोळे पुसत म्हणाली. "विचारायची हौस ना तुम्हाला?"

आम्ही आधी सगळं करून पाहिलं होतं. जुनं रेकॉर्डिंग लावलं, तर दोन दिवसांत त्यानं पकडलं: "कालचाच वारा आज कसा?" ताजं हवामान लेखी मिळतं, ते मृणालनं वाचून दाखवलं, तर म्हणाला, "तू रेडिओवर कधीपासून?" पेटीतून आवाज हवा होता, परका आवाज. नरेंद्र सिव्हिल इंजिनियर. पूल पडू नयेत एवढीच त्याची विद्या. पण माळ्यावरून त्यानं आमच्या नातवाचा, वीरचा, बेबी मॉनिटर काढला, पाळण्यातल्या बाळाचा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकवणारा. एक टोक डेरेकच्या रेडिओच्या पोटात, दुसरं आमच्या स्वयंपाकघरात.

"आणि वाचणार कोण?" मी विचारलं.

"कुंपणापलीकडून इतकी वर्षं फुकट कुणी ऐकलंय?" नरेंद्र म्हणाला.

अशी मी रेडिओवर आले. पहिल्या संध्याकाळी मी कागद ओट्यावर टेकवला. वायकिंग, फॉर्टीज, क्रोमार्टी. खिडकीतून पलीकडचं दिसत होतं: पिवळा दिवा, खुर्ची, डेरेकचं डोकं. मॉनिटरवरून उलटा आवाज येत नाही, म्हणून वाचून झाल्यावर मी खिडकी उघडून कान दिला; मृणालनं त्यांची मुद्दाम फटभर उघडी ठेवली होती.

"नवीन बाई आहे," तो मृणालला सांगत होता. "वाऱ्याशी भांडल्यासारखी वाचते. पण नॉट बॅड."

दिवा मालवला. मृणालची खुर्ची दारापासून हलली.

तिकडे समुद्रात वादळांचे दिवस होते. रोज तेच: डॉगर, जोराचा वारा, आठ, नऊ. मी वाचायची आणि स्वतःही कुठेतरी जायची. आमच्या सिंकसमोर, धुतलेल्या कुकरशेजारी, काळंभोर पाणी उचंबळायचं. फ्रिजचा आवाज बोटीच्या इंजिनसारखा वाटायचा. नरेंद्र जेवायला ये म्हणून हाक मारायचा, ती फार लांबच्या किनाऱ्यावरून यायची.

पण एक गोष्ट मला खुपत होती. 'डॉगर, नऊ' म्हटलं की डेरेक खुर्चीत मागे रेलून डोळे मिटायचा. मला वाटलं, भ्यायला. बाप पाण्यात आहे असं वाटत असणार बिचाऱ्याला. एका मंगळवारी माझ्यानं राहवलं नाही. कागदावर नऊ होतं. मी म्हटलं, तीन. वारा मंद. लांबपर्यंत स्वच्छ दिसेल. आयुष्यात आकडा वाकवला तो तेवढाच, तोही दयेपोटी, म्हणून मी स्वतःवर खूश होऊन भांडी आवरायला लागले.

तेवढ्यात कुंपणापलीकडे बाजूचं दार वाजलं. डेरेक बाहेर पडत होता. या वेळी सपाता नव्हत्या. गमबूट, जाड कोट, लोकरी टोपी. सगळं नीट घालून, घाई न करता निघाला होता. मृणाल निर्धास्तपणे वर आंघोळीला गेली होती. मी नरेंद्रला ओरडून सांगितलं आणि होते तशी शाल ओढून धावले.

तळ्याशी तो मला सापडला. पाण्यावर धुकं टेकलं होतं आणि त्यावर चंद्राचा फिकट उजेड सांडला होता. पलीकडचा काठ नव्हताच. तिथून पुढे समुद्र असता तरी मला नवल वाटलं नसतं.

"डेरेक, अरे इथे काय?"

"शू, सुनेत्राताई. डॅड निघतोय."

"कुठे?"

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी मी नव्या कारकुनांकडे पाहायची. "डॉगरला. रेडिओवर सांगितलं ना, वारा तीन. आज बोट सुटणार. निरोपाचा हात करायला नको?"

"आणि नऊ असलं की?"

"नऊ असलं की कोण वेडा जातो? घरी असतो. शेगडीपाशी पाय लांब करून." तो समाधानानं हसला. "तेव्हाच तर झोप लागते."

मी तिथे थंडीत उभी राहिले. वादळ म्हणजे बाप घरी, आणि स्वच्छ हवा म्हणजे बाप पाण्यावर. सगळा जमाखर्च मी उलटा मांडला होता. डोळे मिटणं भीतीचं नव्हतंच.

त्यानं धुक्याकडे हात वर केला, थोडा वेळ धरला, मग खिशात घातला. "चल. आता झोपायचं." आणि माझा हात धरून त्यानंच मला घरी आणलं.

मृणालला सांगितलं, तर ती हसत सुटली आणि हसताहसता रडली. "अगं, मच्छीमारांच्या गावात जन्म काढला मी, आणि मला सुचू नये?" पण अनिकानं बाजूच्या दारावर बसवून घेतलेल्या कॅमेऱ्यानं तो बाहेर पडताना तिला दाखवला होता. तिचा फोन आला. ती शनिवारी येणार होती, त्या इमारतीचे कागद घेऊन.

मधले दिवस मी खरं वाचत राहिले. देवाची कृपा, समुद्र खवळलेलाच होता. डेरेक डोळे मिटून झोपायला जात होता. शनिवारी संध्याकाळी मी कागद उघडला. डॉगर: वारा पडलेला, तीन. लांबपर्यंत स्वच्छ.

"नऊ वाच," नरेंद्र म्हणाला. "एक दिवस. मुलगी बघेल, बाप शांत झोपला, जाईल परत."

सोपं होतं. एकदा खाली वाकवलेला आकडा एकदा वर वाकवायचा. खिडकीतून दिसत होतं: खुर्चीत डेरेक, शेजारी मृणाल, समोर हाताची घडी घालून अनिका. माझ्या एका शब्दावर हे घर राहणार होतं किंवा उठणार होतं.

पण ती बोट मधले तीन दिवस बंदरात अडकली होती. आज कुठे वारा पडला होता. दिवाळसणाला जावयानं हवामान मागितलं होतं. मी त्याच्या बापाला घरात कोंडून ठेवायचं? आणि अनिकाला तरी अर्धाच बाप दाखवायचा?

"डॉगर," मी वाचलं. "तीन. गुड."

डेरेक उठला. कोटाकडे गेला. "सी?" अनिका म्हणाली, आवाज खिडकीतून माझ्यापर्यंत आला. "मम, हेच मी सांगत होते."

"मग तूही कोट घाल," मृणाल म्हणाली.

मी फराळाचा डबा उचलला, नरेंद्रनं टॉर्च. फाटकाशी आम्ही पाचजण झालो. अनिका मागे राहून चालत होती. "मावशी, धिस इज मॅड. तुम्ही त्याला एन्करेज करताय."

"हो," मी म्हटलं. "तुझ्या आईनं पन्नास वर्षं केलंय, आम्ही आत्ता लागलो."

तळ्यावर आज धुकं विरळ होतं. पाणी एवढं स्थिर, की त्यात झाडं उलटी झोपली होती. डेरेक काठाशी उभा राहिला. वळून मला म्हणाला, "डबा दिला का त्याला?"

"दिला," मी डबा शालीखाली सारत म्हटलं.

त्यानं हात वर केला. मग मृणालनं केला. नरेंद्रनं टॉर्च विझवला आणि त्यानंही.

"हू आर दे वेव्हिंग अ‍ॅट?" अनिकानं मला हळूच विचारलं.

"तुझे आजोबा. कामाला निघालेत."

ती वडिलांच्या पाठीकडे बघत राहिली. तो इतका सरळ उभा होता. मला वाटतं, आपला बाप एवढा मोकळा तिनं कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. मग तिनं खिशातून हात काढला आणि जरासा, लाजत, खांद्याइतका वर नेला.

"ही विल बी ऑल राइट, अ‍ॅनी," डेरेक तिला म्हणाला. "स्वच्छ हवा आहे." आणि लेकीचा हात धरून परत फिरला.

डब्यातल्या चकल्या वाटेत अनिकानंच संपवल्या. रविवारी दुपारी ती निघाली, तेव्हा कागद तिच्या पिशवीतच होते. गाडीची खिडकी खाली करून तिनं नियम ठरवून टाकला: हवा स्वच्छ असेल त्या दिवशी त्याच्याबरोबर कोण जाणार ते आम्ही आधी ठरवायचं, आणि तिला कळवायचं. शनिवारी पाळी तिची.

मग गाडी सुरू करताकरता तिनं विचारलं.

"मावशी, आज डॉगरला काय?"

मी सकाळीच पाहून ठेवलं होतं. "सात. वाढत जाणारा."

"म्हणजे तो घरी?"

"सगळे घरी," मी म्हटलं.