आधी बोला, मग मोजा

"घोडदळ, पुलावर!" लिफ्टवाल्याने जाहीर केलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून तो निवांत उभा राहिला, जावयासारखा.

मास्तरांनी टेबलावरच्या टेकडीपासून काठी लावली. उचलून पुढे पुन्हा लावली. टोक पुलाच्या पहिल्या फळीला भिडलं.

"वा! काय नजर आहे रे तुझी!"

बापूने आपले मेलेले शिपाई आडवे केले. नजर म्हणे! लिफ्ट दुरुस्त करायला दिवसभर तिच्या बोळात लोंबकळून तारा मापणाऱ्याला नजर नसेल तर काय असेल?

"आंधळ्यालासुद्धा दिसला असता तो पूल," तो पुटपुटला.

"काय म्हणालात, बापू?"

"छान. छान म्हणालो."

*

मास्तरांच्या खेळाचे नियम एका पोस्टकार्डावर मावत. पायदळ एक काठी चालतं, घोडदळ दोन. वाद झाला तर फासा. मेलेला आडवा करा, उचलू नका. लढाई संपेपर्यंत तो दिसला पाहिजे. आणि सगळ्यांत वर : आधी बोला, मग मोजा. हल्ला बोलून दाखवायचा, नंतरच काठी लावायची. अंदाज चुकला तर उघड्यावर उभं राहून तोफगोळे खायचे.

बस. टेबलभर बोटाएवढे शिशाचे सैनिक, कुठलीतरी जुनी, कधीच निकाल लागून गेलेली लढाई, आणि हे पोस्टकार्ड.

सैनिक रंगवलेले बापूने. त्याचा धंदा कवळ्या बनवायचा. दाताला पिवळसर छटा देणारा कुंचला संध्याकाळी शिपायांच्या मिशांवरून फिरे. प्रत्येक कोटाला बटणं होती. लिफ्टवाला आला तेव्हा आपली पलटण घेऊन आला. लिफ्टच्या दाराला मारतात त्या राखाडी रंगात अख्खी बुडवलेली. घोडेसुद्धा!

मास्तर म्हणाले, "काय बिघडलं? धुक्यातून आलेत."

*

नियमांचं राहिलंच.

तरुण होता तेव्हापासून बापू नियम सुचवत आला होता. पावसात बंदुकीची दारू भिजते. उपाशी फौज हळू चालते. चिखलात तोफ रुतते. मास्तर मन लावून ऐकत आणि म्हणत, "छान आहे बापू, पुढच्या खेपेला बघू." बापूचे केस पिकले, पुढची खेप काही आली नाही.

लिफ्टवाला कालपरवा आलेला. चहाची कपबशी हातात धरून तो सहज बोलून गेला, "मास्तर, पाठीशी आपली माणसं उभी असली तर घाबरलेली तुकडी पळेल कशाला?"

मास्तरांनी खिशातलं पेन काढलं.

तिथल्या तिथे.

पोस्टकार्डावर जागा नव्हती, तर कडेने आडवं लिहिलं.

*

"सवतीकडे बघावं तसं बघता तुम्ही त्या माणसाकडे," बायको म्हणाली.

"मी? त्याच्याकडे? माझा काय संबंध!"

"मग ताटातल्या भाताला टेकडी करून चमच्याने का मारताय?"

*

मास्तर आता लेकीकडे राहायला निघाले होते, दूर, कायमचे. टेबल, डोंगर, नदी, पूल, काठीसुद्धा, सगळं बापूच्या दुकानामागच्या खोलीत येऊन पडलं.

"टेबल तुझ्याकडे, कारण जागा तुझ्याकडे," मास्तर म्हणाले. "काठीचं शनिवारी ठरवू. शेवटचा डाव होऊ दे."

काठी ज्याच्या हाती तो लढाई मांडणार, वाद मिटवणार. मास्तर गेल्यावर तोच मास्तर. आणि ठरवू म्हणजे? ठरवायचं काय होतं त्यात?

शुक्रवारी दुपारी कवळ्या घासायच्या मशीनवर बापूने काठीचं एक टोक धरलं. नखाएवढं घासलं. लाकडाची भुकटी पांढऱ्या दातांवर उडाली, ती त्याने फुंकून टाकली. टेकडीपासून पूल बरोब्बर दोन काठ्या, टेबल मांडलं की नेहमीच. जाऊ दे आता राखाडी घोडे.

*

"घोडदळ, पुलावर!"

मास्तरांनी काठी लावली. उचलली, पुन्हा लावली. पूल राहिला. थोडक्यात राहिला.

लिफ्टवाल्याने हात पुढे घेतले. "अरेच्चा! म्हातारा झालो की काय मी?"

"होतं असं," बापू उदारपणे म्हणाला आणि तोफेचा फासा टाकला. राखाडी घोडे ओळीने आडवे झाले. केवढा आनंद झाला त्याला! पूल मोकळा पडला होता. गिरणीपाशी त्याचं पायदळ उभं होतं, लाल कोट, पितळी बटणं. गिरणी ते पूल एक काठी. हे अंतर तो झोपेतही सांगू शकला असता.

"पायदळ, पुलावर!"

बोलून गेला. मग कळलं. काठी घासली होती, डोळा घासला नव्हता.

मास्तरांनी काठी लावली. टोक आणि पूल यांच्यामध्ये नखाएवढी जागा राहिली.

"घ्या! तुम्हीपण म्हातारे!" लिफ्टवाला खदखदून हसला. "टाकू का फासा?"

"टाक."

मास्तर हसले नाहीत. त्यांचा अंगठा काठीच्या टोकावरून फिरत होता. एक टोक वर्षानुवर्षांच्या हातांनी गोटीसारखं गुळगुळीत झालेलं. दुसरं सपाट, कोरं. अंगठा या टोकावरून त्या टोकावर गेला, परत आला. बापूचे शिपाई पडत होते, बापू त्यांच्याकडे बघत नव्हता.

डाव संपला. कोण जिंकलं ते कोणी विचारलं नाही. मास्तरांनी कोट घातला, पोस्टकार्ड लिफ्टवाल्याच्या हातात दिलं.

"आणि काठी?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"काठी बापूकडे." मास्तरांनी ती बापूच्या हातात ठेवून त्याची बोटं मिटवली. "हिची खरी लांबी आता याला एकट्यालाच ठाऊक आहे."

बापू त्यांना दारापर्यंत सोडायलाही गेला नाही.

*

पुढच्या शनिवारी लिफ्टवाला येईल असं बापूला वाटलं नव्हतं. तो आला. दोघांनी मिळून नदी मांडली. मास्तरांच्या खुर्चीवर कोणीच बसलं नाही.

लिफ्टवाल्याने काठी उचलली. सपाट टोकाला आता हिरडीच्या रंगाचा गुलाबी तुकडा बसवला होता, चकचकीत, दुरूनही दिसेल असा. बापूकडे लाकडी रंगाचं सामान नव्हतं असं नाही.

लिफ्टवाल्याने त्यावरून अंगठा फिरवला. बापूकडे बघितलं. काठी त्याच्या पुढ्यात ठेवली आणि हात पाठीमागे बांधले.

"घोडदळ, पुलावर."

बापू वाकला. काठी लावली. उचलली, पुन्हा लावली. गुलाबी टोक पहिल्या फळीला टेकलं.

"पोचलं," तो म्हणाला, आणि आपले लाल कोट एकेक करून आडवे करू लागला.