प्रेमराजनानांचा कान

प्रेमराजनाना चाळीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते, आणि ही गोष्ट त्यांना जरा जास्तच ठाऊक होती. पहूरला कुणाच्या गाडीचं चाक बेअरिंग झिजून घुमू लागलं की दुसरे मिस्त्री जॅक लावून चाकं हलवत बसत. नाना नुसती एक चक्कर मारत. कोणतं चाक, ते त्यांचा कान सांगे. त्या कानावर गॅरेजही चालत होतं आणि नानांचा तोराही.

शाळेची मुलं नेणाऱ्या कोकिळाच्या व्हॅनला त्यांनी 'डावं पुढचं' सांगितलं. नवं बेअरिंग रात्रभर घरच्या फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी ठेवलं. गारठून ते केसभर आकसतं आणि जागेवर अलगद बसतं. सकाळी ते चढवलं, त्यात चाकाचं हब दाबून बसवलं, नट आवळला. चाक इतकं मुकाट फिरलं की नाना बघतच राहिले.

दुपारी कोकिळा परत हजर. "नाना, आवाज तसाच शे!"

"तू चलाव, मी ऐकस," म्हणत नाना तिच्या डावीकडे बसले.

पाचोऱ्याच्या रस्त्याला दोन्हीकडे कपाशी उन्हात पेंगत होती. घुम्म... संथ, गोड. आई जातं ओढायची आणि ते तिच्या मांडीवर झोपायचे, तसंच नानांना वाटलं. डोळे जड झाले. आवाज डावीकडूनच येत होता. पण नवंकोरं बेअरिंग घुमेल कसं?

मागच्या सीटवर एका पोराची विसरलेली पाण्याची बाटली गडगडली. ती धरायला नाना गुडघ्यांवर मागे वळले, आणि घुमणं गाडीच्या उजव्या बाजूला गेलं. ते पुढे वळले. पुन्हा डावीकडे.

नानांनी तळहाताने डावा कान झाकला. वारा गेला, इंजिन गेलं. कोकिळाचे ओठ हलत होते. कपाशी डुलत होती आणि जगात कुठेच काही वाजत नव्हतं. ते फार सुंदर होतं.

त्यांनी हात काढला. रस्ताच खराब शे, असं म्हणता आलं असतं. कोकिळाने मानलंही असतं. पण उद्या सकाळी या गाडीत मुलं बसणार होती.

"बहीण, मना उजवा कान गया," नाना म्हणाले. "गाडी डावीकडे काप. आवाज वाढस का, ते तूच सांग."

रस्ता मोकळा होता. तिने स्टिअरिंग वळवलं; डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर येतो.

"वाढना, नाना," ती हळूच म्हणाली.

"मग उजवं," नाना म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चाक दुसऱ्याच्या कानाने सांगितलं.