फोन केल्याशिवाय ही ओळ काढू नये

सहा वर्षं घरी काढून मी पुन्हा नोकरीला लागले तेव्हा त्रेचाळिशी ओलांडली होती. सासऱ्यांचं आजारपण, त्यांच्यामागे सासूबाईंना सावरणं, यात प्रोग्रामिंगचा सराव पार सुटला होता. टीम लीड माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी त्याने मला ‘ताई’ म्हटलं आणि मला जरा धीर आला.

काम होतं एका हॉस्पिटलच्या डायलिसिस विभागाच्या वेबसाइटचं. रुग्णांनी आपली वेळ घरबसल्या ठरवायची. पण जुनी पानं इतक्या बारीक अक्षरांची, की लोक वैतागून फोनच करायचे. तिथली सिस्टर खांद्यात फोन धरून मशीन लावायची. आता मोठ्या अक्षरांची पानं नव्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे वेबसाइट उभारायच्या तयार सांगाड्यात, बनवलेली होती. ती आमच्या जुन्या बिल्ड टूलला जोडणं माझ्याकडे आलं. बिल्ड टूल म्हणजे सगळ्यांनी लिहिलेले तुकडे गोळा करून, तपासून, सर्व्हरवर चढवायचं एकच गाठोडं बांधणारा प्रोग्राम.

दोन दिवसांत जोडलं. माझ्या मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, सगळं झकास. सर्व्हरवर चढवलं तर पांढरीफटक स्क्रीन. पुन्हा चढवलं, पुन्हा पांढरी. चार दिवस मी त्या स्क्रीनकडे बघत बसले. घरी सासूबाईंनी विचारलं, “चेहरा का उतरलाय?” मी म्हटलं, “मला जमत नाही आता.” त्या म्हणाल्या, “ज्याला माहीत आहे त्याला विचार की. विचारायला काय लाज?”

पाचव्या दिवशी सकाळी मी मुळापासून सुरुवात केली. मी नेमकं काय काय बदललं, ते जुन्या फाइलशी ताडून पाहिलं. जुन्या पानांचा म्हणून एक भाग मी सरसकट उडवला होता. त्यात एका ओळीच्या डोक्यावर लिहिलं होतं : ‘फोन केल्याशिवाय ही ओळ काढू नये.’ खाली नंबर. कानकोंडी झाले. वाचलंच नव्हतं मी.

“मास्तरांचा नंबर आहे तो,” लीड हसला. “आधी शाळेत गणित शिकवायचे, मग इथे आले. रिटायर होऊन पाच वर्षं झाली. अजून कुणी फोन केला नसेल.”

मी केला. फोन काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने उचलला. “त्यांना फोनवर ऐकू येत नाही गं. तू सांग, मी ओरडते.”

“बिल्ड फेल होत नाही, पण सर्व्हरवर स्क्रीन पांढरी येते म्हणावं.”

“अहो, बिल्डर फेल झाला म्हणे!”

“कोणता बिल्डर?” मागून आवाज आला.

शेवटी काकूंनी पाटीएवढ्या कागदावर माझे शब्द लिहून त्यांच्यापुढे धरायला सुरुवात केली. थोड्या वेळाने मास्तरांनीच फोन घेतला.

“पोरी, मी बोलतो, तू फक्त ऐक. उत्तर हिला सांग. एखाद्या पानात तू बदल केलास, तर तो तुझ्या मशीनवर पहिल्या बिल्डला दिसतो की दुसऱ्या?”

मी आठवून पाहिलं. दुसऱ्या! दर वेळी दुसऱ्या. मला वाटायचं, मशीन संथ आहे.

काकूंनी फोन परत घेऊन माझं उत्तर लिहून दाखवलं. मास्तर मोठ्याने हसले. “मग तुला शिळं वाढतंय ते! फ्रेमवर्कची पानं तयार व्हायच्या आधीच गाठोडं बांधलं जातंय. तुझ्या फोल्डरमध्ये कालची पडलेली असतात, तीच भरली जातात. सर्व्हरवरचं बिल्ड रोज रिकाम्या फोल्डरपासून सुरू होतं. तिथे भरायला काय असणार? माझी ती ओळ एवढंच सांगत होती, पानं आल्याशिवाय गाठ मारू नकोस.”

मी माझ्या मशीनवरचं फोल्डर पुसून बिल्ड केलं. माझीही स्क्रीन पांढरी! आजार सापडल्याचा एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता. ती ओळ परत घातली, जुन्या पानांच्या जागी नव्या फ्रेमवर्कचं नाव लिहिलं. दुपारी सर्व्हरवर मोठ्ठी काळी अक्षरं उमटली. मी लीडला सगळं खरं सांगितलं, ओळ मीच काढली होती हेही. तो म्हणाला, “ताई, मीही ती दोनदा न वाचता पुढे गेलोय.”

आठवड्याने सिस्टरचा फोन आला. “आज सकाळपासून फक्त तीन फोन आले हो. दोन्ही हात मोकळे आहेत माझे.”

शनिवारी मी मास्तरांच्या घरी गेले. आभार कसे मानायचे, वाटेत दहा वेळा घोकलं होतं. तोंड उघडलं तर डोळेच भरून आले. काकू म्हणाल्या, “अगं, आभार कसले! त्या दिवसापासून हे दोन वेळा नीट जेवतायत. आपण केलेलं अजून चालतंय, हे कळायला माणसाला कुणीतरी विचारावं लागतं.”

मास्तरांनी मला शेजारी बसवलं, वही उघडली आणि पेन पुढे केलं. “आता हे तुझं नवं फ्रेमवर्क मला शिकव. अगदी पहिल्यापासून. आणि अक्षर मोठं काढ.”